रस्त्याच्या मधोमध खेकडा

घाटात कॉलेजच्या मुलांनी गाड्या थांबवल्या होत्या. रेनकोट घातलेल्या एका मुलीच्या गळ्यात पुठ्ठा होता : ‘हळू चालवा, खेकडे रस्ता ओलांडत आहेत.’ पावसाळ्यात ते इथे चाकांखाली चिरडले जातात, म्हणून ही मुलं त्यांना उचलून पलीकडे सोडत होती.

माझ्या गाडीपुढे, अगदी मधोमध, एक खेकडा थबकला होता. तिनं त्याला पाठीकडून अलगद उचललं आणि तीच गोंधळली.

“काका, हा कुठून येत होता हो? डोंगराकडून की ओढ्याकडून?”

मी पाहिलंच नव्हतं. खेकडा चालतो तिरका, त्याच्या तोंडावरून काय कळणार? चुकीच्या बाजूला सोडला तर बिचारा पुन्हा हाच रस्ता ओलांडायला निघणार. आणि सांगणारा मी तरी कोण? रविवारी याच्याच रश्श्यावर ताव मारणारा.

शेवटी तिनं त्याला होता तिथेच ठेवलं. “ठरवू दे त्यालाच,” म्हणाली आणि गाड्यांकडे तोंड करून, हात पसरून उभी राहिली. मागे हॉर्न सुरू झाले. खेकडा हलेना. उलट त्यानं नांग्या उगारल्या, त्याही तिच्याच टाचांवर.

मी गाडी बंद केली. आम्ही सगळे तो जायची वाट बघत होतो. आणि तो, बहुतेक, आम्ही जायची.