नखाएवढी मावशी

जगात जे जे काही आहे ते रुपयाच्या नाण्यावर बसवून बघितल्याशिवाय ज्यांना पटतच नाही, असे माझ्या ओळखीतले एकमेव गृहस्थ म्हणजे आमचे मावसोबा. पंचवटीत राहतात आणि चांदीच्या नाण्यांचे, बिल्ल्यांचे ठसे हाताने कोरायचे. समोर काहीही आलं, की एक डोळा मिटायचा, हात लांब करून अंगठा धरायचा आणि ती वस्तू नखात मावते का ते बघायचं, ही त्यांची सवय. घाटावर सगळे देवळाला हात जोडत असतात, तेव्हा हे पुटपुटतात, "कळस ठेवू, पायऱ्या उडवू." स्वतःच्या मुलासाठी मुलगी बघायला गेले, तर तिथेही अंगठा वर! पोहे येईपर्यंत निकाल तयार: "मुलगी छान आहे. पण अंबाडा फार वर घालते, कडेच्या अक्षरांना जागा उरत नाही." लग्न तरीही झालं. सुनेने अंबाडा मात्र तसूभरही खाली आणला नाही.

गिऱ्हाइकांशी भांडण तर ठरलेलंच. एकदा एका गणेश मंडळाचे अध्यक्ष आले. त्यांना बिल्ल्यावर गणपती, उंदीर, मोदकांचं ताट, मागे गोदावरी आणि खाली मिशांसकट स्वतः, असं सगळं हवं होतं. मावसोबा शांतपणे म्हणाले, "साहेब, एवढं हवं तर बिल्ला नको, परात घ्या. या मापात तुमची मिशी म्हणजे ओठावर मुंगी बसल्यासारखी दिसेल." अध्यक्ष तणतणत गेले. मावसोबांना त्याचं काही नाही. "लहान मापात बारीक रेघ टिकत नाही रे," ते मला समजावत, "काय गाळायचं ते ज्याला कळत नाही, त्याने फ्लेक्स करावेत."

मग मावशीची साठी आली. आम्ही भाचरांनी ठरवलं, मावशीचा चेहरा असलेलं चांदीचं नाणं करून सगळ्यांना वाटायचं. मावशी हरखली. "जन्मभर देवांचे नि पुढाऱ्यांचे चेहरे कोरलेत, आता माझा कोरा," ती म्हणाली, "आणि काही उडवायचं नाही हं. चष्मा, कुड्या, गालावरचा तीळ, सगळं हवं." अध्यक्षांना न बधलेले मावसोबा बायकोपुढे बधले. त्यांनी सगळं कोरलं. नाणं निघालं तेव्हा कुड्या कानाला सोडून गालाला चिकटल्या होत्या, तिळाची माशी झाली होती आणि सुरकुत्यांची चक्क दाढी. मावशी नाणं पालथं ठेवून आत गेली. दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळंच काढून टाकलं.

"ही कोण बाई?" मावशीने विचारलं.

"अगं, तूच."

"एवढ्या वर्षांच्या संसारात माझं तोंडसुद्धा लक्षात राहिलं नाही ना तुमच्या?"

त्यानंतर घरात चहा मिळे, पण कपाबरोबर शब्द मिळेना. मावसोबा हादरले. पिशवी धरायच्या निमित्ताने ते मावशीच्या मागे मागे भाजीबाजारात फिरू लागले. तिथे एका मेथीच्या जुडीवरून मावशीची भाजीवालीशी घासाघीस चालली होती: मान पुढे, हनुवटी वर, तोंड अर्धवट उघडं. मावसोबांनी भर बाजारात अंगठा धरला, पिशवी तिथेच टाकली आणि घराकडे धूम ठोकली. तिसऱ्या नाण्यावर एवढंच होतं, पुढे झुकलेली मान आणि वर उचललेली हनुवटी.

साठीच्या दिवशी मावशीने या नव्या नाण्यांतलं पहिलं त्या भाजीवालीलाच दिलं. ती हसतच सुटली. "मावशी, चांदीत बी भावच करताय तुम्ही! लय भारी हाय!"

मावशी खोटं खोटं रागावली. "अहो, चारचौघांत मी अशी दिसते?"

"अशीच दिसतेस," मावसोबा म्हणाले, "म्हणून तर गर्दीत लगेच सापडतेस."

हल्ली मावसोबांची दृष्टी अधू झाली आहे. कोरणं थांबलंय. मावशी मात्र अजून हौसेने माहेरी, इगतपुरीला जाते आणि पावसाचं कारण सांगून मुक्काम लांबवते. परवा ती अशीच गेलेली असताना मी त्यांच्याकडे गेलो. मावसोबा गॅलरीत बसून सदऱ्याच्या खिशात काहीतरी चाचपत होते. मी विचारल्यावर त्यांनी ते नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि लगेच परत घेतलं.

"दिसत नाही रे आता," ते म्हणाले, "पण हनुवटी लागते बोटाला."

मग त्यांनी मला मावशीचा नंबर लावून द्यायला सांगितला. कधी येतेस, एवढंच त्यांना विचारायचं होतं.