समुद्रापर्यंत नेणारे आतोबा

स्वतःला पोहता येत नसताना अर्धा डझन माणसांना होडीने समुद्रापर्यंत नेण्याचा आत्मविश्वास मी आयुष्यात एकाच माणसात पाहिला, आणि तो माणूस दुर्दैवाने माझ्या आत्याचा नवरा होता. आतोबा वागळे इस्टेटमधल्या एका फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते. कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी कयाकचा फोटो पाहिला आणि मालकांची परवानगी काढून, रविवारी रविवारी खपून, दोन-दोन माणसांच्या चार लांबट होड्या घडवल्या. टाक्यांचा हिरवा रंग उरला होता, तोच दिला. डोंबिवलीच्या खाडीवरचे कोळी त्यांना 'पडवळं' म्हणायचे.

आतोबांना मार्गदर्शनाचं व्यसनच होतं. रिक्षावाल्याला त्याच्याच गल्लीचा रस्ता सांगायचे, सत्यनारायणाला गुरुजींना पुढचा अध्याय सुचवायचे. होड्यांच्या सहलीआधी ते सोबत येणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सोसायटीच्या गच्चीवर पाटांवर बसवत, हातात झाडूचे दांडे देत आणि शिट्टी फुंकून तासभर हवा वल्हवायला लावत. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, "ही कुठली आसनं हो? गुडघ्यांना चालतात का?" आतोबांनी त्यांनाही एक पाट दिला.

डोंबिवलीहून निघायचं, काल्हेरला एक आणि गायमुखाच्या अलीकडे एक असा तंबूत मुक्काम करायचा आणि तिसऱ्या दिवशी वसईच्या खाडीतून समुद्र गाठायचा, असा त्यांचा बेत. तो तीनदा फसला होता. पहिल्यांदा तंबूच्या काठ्या घरी राहिल्या, दुसऱ्यांदा सगळ्यांची पोटं बिघडली, तिसऱ्यांदा भलत्याच फाट्याला लागून ते थेट ठाण्याच्या मिठागरात शिरले. चौथ्या वेळी आत्याने निक्षून सांगितलं, "अहो, या खेपेला समुद्र बघितल्याशिवाय परत आलात ना, तर ती पडवळं मी भंगारात घालणार. लोक हसतात हो आपल्याला." आतोबा हसले नाहीत. रात्रभर त्यांनी होड्यांचे सांधे तपासले म्हणे. आणि आत्याने मला, कॉलेजात जाणाऱ्या आणि कुणाशी दोन वाक्यं न बोलणाऱ्या भाचीला, त्यांच्यावर लक्ष ठेवायला सोबत धाडलं.

लक्ष ठेवणं एवढंच मला जमायचं. दुसऱ्या मुक्कामी, संध्याकाळी, मी भांडी घासायला पाण्याकडे गेले, तर एक कोळीण चिखलातून खुब्यांचे शिंपले वेचत होती. तिने मला बरंच काही सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तरीही. "सकाळी कवा निघनार?" म्हणाली. मी सांगितलं, साडेसातला, भरती पुरी झाल्यावर. ती हसली. "ता मुंबैचा टाइम, बाय. तिकडचं पानी हिकडं येवाला दोन तास लागतान. सांग तुझे काकाला."

आतोबांचा हिशेब सोपा होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; उद्या दशमी, म्हणजे साडेसात. साडेसातला भरती संपणार, मग ओहोटीचं पाणीच आपल्याला समुद्राकडे नेणार. शेकोटीपाशी ते हे सहाही जणांना पुन्हा पुन्हा समजावत होते. मी वाक्य मनात जुळवलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. सकाळी त्यांनी शिट्टी फुंकून विचारलं, "कुणाला काही शंका?" सहांपैकी बँकेत नोकरीला असलेल्या एकाने हात वर केला. त्याला चहा हवा होता. मी हात वर केला नाही.

आम्ही तासभर वल्ही मारली. समोरच्या काठावर एक वीटभट्टी होती. माझ्यापुढच्या होडीतली बाई धापा टाकत म्हणाली, "काका, ती भट्टी आपल्या पुढे चाललीय."

"भास आहे तो," आतोबा ओरडले. "जोर लावा! पाणी आपल्या बाजूने आहे!"

पाणी आमच्या बाजूने नव्हतं. दुसरा तास संपेपर्यंत आम्ही मुक्कामाच्या मागे गेलो होतो. हात गळाले तेव्हा सगळे काठाला लागून पोहे खाऊन आडवे झाले आणि नेमकी तेव्हा ओहोटी सुरू झाली. जाग आली तर चारही पडवळं चिखलात, पाणी पन्नास पावलं लांब. सहाही जण गुडघाभर चिखल तुडवत घोडबंदर रस्त्याकडे निघाले. बँकवाला म्हणाला, "काका, राग नका मानू, पण आता पुरे." आतोबा एकेकाला हात देऊन वर चढवत होते. शेवटचा माणूस गेल्यावर त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली.

आत्याने एकही होडी भंगारात घातली नाही. तशी वेळच आली नाही. आतोबांनीच त्या गायमुखाच्या कोळ्यांना देऊन टाकल्या, आणि समुद्राचं नाव पुन्हा काढलं नाही. रिक्षावाल्यांनासुद्धा ते रस्ता सांगेनासे झाले.

ते निवृत्त झाल्यावर, एका दुपारी आत्या झोपलेली असताना, मी त्यांना सांगितलं. की मला माहीत होतं. की मी बोलले नाही.

 ते म्हणाले, "पहिलं वल्हं मारलं तेव्हाच मलाही कळलं होतं गं. पण सगळे माझ्याकडे बघत होते." मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "आणखी काय काय सांगत होती ती बाई?"

तिने वाऱ्याचं सांगितलं होतं, गाळ कुठे साचतो ते, वसईच्या तोंडाशी पाणी कसं फिरतं ते. मी एकेक सांगत गेले. आतोबा ऐकत राहिले. मध्ये एकदाही बोलले नाहीत.