गीताबाईनं कॅन बांधला

गीताबाईनं आजवर किती पोरं पोहायला शिकवली, हे तिचं तिलाही सांगता यायचं नाही. तेलगावपासून कोसभरावर तिची वस्ती. आसपासच्या चार वस्त्यांत असा गडी सापडणं अवघड, ज्याच्या पाठीला लहानपणी गीताबाईच्या हातची दोरी बांधली गेली नाही. त्यातल्या काहींना आता टक्कल पडलंय, एक जण तर सरपंच होऊन गेला. पण रस्त्यात ती दिसली की गाडी थांबवून म्हणतात, "काकू, तवा नाकात गेलेलं पानी आजून निघालं न्हाई बगा."

तिचं माहेर गेवराईकडचं, गोदाकाठचं. म्हशीचं शेपूट धरून नदीत तरंगत ती पोहायला शिकली. लग्न होऊन इकडं आली त्याच उन्हाळ्यात सासूची पितळी घागर विहिरीत बुडाली. दीर, पुतणे दोन दिवस गळ टाकून बसले. गळाला एकदा फाटकी चप्पल लागली, घागर काही लागेना. तिसऱ्या दिवशी गडीमाणसं जेवायला बसलेली असताना नवी नवरी काष्टा मारून विहिरीत उतरली, आणि दुसरी भाकरी ताटात पडायच्या आत घागर कमरेवर घेऊन ओलीचिंब दारात उभी राहिली. सासरा घास हातात धरून बघतच राहिला. शाबासकी कुणी दिली नाही, रागावलंही कुणी नाही. दुसऱ्या दिवशी मात्र थोरल्या जावेनं आपली दोन्ही पोरं तिच्यापुढं आणून उभी केली. "ह्यांना बी शिकीव."

तेव्हापासून हे सुरू झालं. आधी पाठीला वाळका भोपळा बांधायची, पुढं तेलाचे पाच लिटरचे कॅन आले. पोराला काठावर उभं करायचं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि बोलता बोलता द्यायचं ढकलून. सगळ्या मुलखाची हीच रीत. पोरगं गटांगळ्या खातं, बोंब मारतं आणि चौथ्या दिवशी आपणहून उडी घेतं. गीताबाईचा हा हिशोब फक्त एकदा चुकला, आणि तो तिच्या पोटच्या पोरावर चुकला.

सुरज चार वर्षांचा असताना तिनं त्याला असंच ढकललं. दोरीची गाठ सुटली. कॅन एकीकडं गेला, पोरगं एकीकडं. दहा मोजायच्या आत तिनं त्याला वर काढलं होतं, पण सुरज त्यानंतर पाण्यात गेला नाही तो नाहीच. आता तो एकतीस वर्षांचा आहे. तेलगावच्या चौकात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. निम्म्या शिवारातल्या विहिरींत त्यानं भरलेल्या मोटारी चालतात, पण तो स्वतः कधी विहिरीत उतरत नाही. "मोटार वर काढून आना, मग बघतो," म्हणतो. लोक हसतात. गीताबाई तेवढ्यापुरती तिथून उठून जाते.

सुरजची लेक आरोही आता चार वर्षांची झाली होती. सुनेला, वनमालाला, अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. जूनच्या पंधरा तारखेला बिऱ्हाड तिकडं जाणार होतं, पोरगी तिथं छोट्या गटात बसणार होती. सुरज दुकानाला जाऊन येऊन करणार होता. म्हणजे गीताबाईच्या हातात एवढा एकच उन्हाळा. घराच्या उंबऱ्यापासून विहीर तीस पावलांवर. पोरगी सुट्टीला इथंच येणार, इथंच हुंदडणार, आणि एवढ्या पोरांना तारणाऱ्या बाईची नात काठावरून माघारी फिरणार? हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात तिनं जेवताना विषय काढला. वनमालाचं माहेर आष्टीकडचं. तिकडं तिनं पाणी पाहिलं ते टँकरचं, तेही ड्रममधलं. ती ताटावरून तशीच उठली. "आत्या, माझ्यासमोर तेवढं विहिरीचं नाव काढू नका."

सुरजनं तोंडातला घास संपवला. मग म्हणाला, "आई, शिकीव. पर ढकलायचं न्हाई."

"मग उतरंल कशी?"

"तिची तिला उतरू दी."

"आन न्हाई उतरली तर?"

"तर न्हाई उतरली."

गीताबाईनं मान हलवली. आयुष्यात तिनं एवढी अवघड कबुली दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी-नात विहिरीवर गेल्या. विहीर बांधीव, दोन्ही बाजूंनी खाली पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या. आरोही तिसऱ्या पायरीवर बसली ती उठेचना.

"चल की खाली."

"पाणी झोपलंय."

"झोपलंय तर उठीवू."

"नको. ओरडंल."

त्या दिवशी एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी चौथी पायरी. तिथं एक बेडूक राहत होता, म्हणून ती बेडकाची पायरी झाली. त्याच्या खालची, जिथं मोटारीचा पाईप भिंतीला टेकतो, ती हत्तीच्या सोंडेची. अशी रोज एक पायरी, आणि प्रत्येकीचं बारसं. गीताबाईचे गुडघे दुखायचे, पण नात बसेल तिथं तिलाही बसावं लागायचं. मधल्या काळात पोरगी बाकीच्या आघाड्यांवर जोरात होती. चपला उलट्या न घालता घालायला शिकली, फ्रॉकची मागची गुंडी सोडून बाकी सगळ्या लावायला शिकली, आणि एका दुपारी भाकरीबरोबर ठेचा खाऊन, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, "तिखट न्हाईच लागला," असं सगळ्यांना बजावून आली. नुसतं पाणी तेवढं तिला शिवत नव्हतं. शेवटच्या पायरीवर येऊन ती आठ दिवस बसून होती. बाहुलीला पाण्यात बुडवून काढायची, तिचे केस पिळायची, तिला दटावायची. स्वतः पायाचं बोट लावत नव्हती.

बंकट हा भावकीतला, पलीकडच्या वस्तीवरचा. लहानपणी तोही इथंच शिकलेला. तो कठड्यावर येऊन बसायचा आणि वरून तोंडसुख घ्यायचा.

"काय काकू, आज कितवी पायरी?"

"तू तुझं काम बग."

"आमाला तर गोणीवानी फेकलं व्हतं. लगीन ठरायच्या आधी तरी उतरंल का ही?" एके दिवशी तर तो खाली आला. "सरका तुमी. एका मिनिटाचं काम हाय." म्हणत त्यानं आरोहीच्या काखेत हात घातले.

गीताबाईनं शेजारी पडलेला ओला दोर उचलून सपकन त्याच्या पोटरीवर ओढला. "हात काढ आधी! लेकरू हाय ते, खताचं पोतं न्हाई."

"आवो, तुमीच तर आमाला—"

"व्हय, मीच. एकाला कायमचं भेवाडलं म्या. आता पुन्यांदा न्हाई."

बंकट पोटरी चोळत वर गेला. गीताबाईलाही आपल्या तोंडून काय निघून गेलं ते उमगलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिनं कुणापुढं उच्चारलं नव्हतं.

जून लागला. बिऱ्हाड हलायला चौदा दिवस राहिले, मग दहा. घरात ट्रंका भरल्या जात होत्या. गीताबाईला रोज वाटायचं, एक हलका धक्का, नुसता हाताचा तळवा, कोण बघतंय? आणि रोज ती हात पदराखाली घ्यायची.

अशातच एका सकाळी आरोहीनं बोट दाखवून विचारलं, "आजी, ह्यो कॅन कशाला?"

"पाठीला बांधायला. म्हंजी मानूस बुडत न्हाई."

"मग तू कावून बांधत न्हाईस?"

"मला कशाला? मला येतं."

पोरीनं मान तिरकी करून आजीकडं बघितलं. "खोटं. तुला कॅनचं भ्या वाटतंय."

"मला? कॅनचं?"

"मग आधी तू बांध."

गीताबाई हसली. पोरगी हसली नाही. तिनं कॅन उचलून आजीच्या मांडीवर ठेवला आणि दोराचं टोक हातात दिलं. आता आली का पंचाईत! चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पाठीला कॅन बांधणारी बाई, विहिरीच्या तळाची घागर काढणारी, तिनं अठ्ठावन्नाव्या वर्षी पाच लिटरचा कॅन पाठीला लावून उतरायचं? तेही बंकट वर कठड्यावर बसलेला असताना?

गीताबाईनं लुगड्याचा काष्टा मारला. दोर छातीवरून घेतला, पाठीवर कॅन आवळला, आणि नातीला म्हणाली, "गाठ बग गं. पक्की हाय का?"

आरोहीनं दोन्ही हातांनी गाठ ओढून बघितली. "पक्की हाय. जा आता. भिऊ नको."

वरून बंकटचा आवाज आला, "आरं बापरे! काकू कॅन बांधून उतरायल्यात! शहादेव, आरं पळ लवकर, मोबाइल घेऊन ये!"

गीताबाई पाण्यात शिरली. कॅनमुळं तिचा पाठीकडचा भाग वर आणि तोंड खाली, असं काहीतरी वेडंवाकडं तरंगणं सुरू झालं. हात मारावा तर कॅन डोक्यावर आदळायचा. बंकट कठडा बडवून हसत होता, धावत आलेला शेजारचा शहादेवही हसत होता. गीताबाईनं मग मान-अपमान सगळंच सोडून दिलं. "आगं माय! बुडाले गं! आरोही, मला येत न्हाई, सांग की कसं करू!"

"पाय हलव!" पायरीवरून हुकूम आला.

"कसे?"

"असे!" पोरगी शेवटच्या पायरीवर बसली आणि दाखवायला म्हणून तिनं दोन्ही पाय पाण्यात सोडले. धपाधप आपटायला लागली. "असे असे! जोरात! तू हळू करायलीस!"

"मला दिसत न्हाई हितून. जवळ येऊन दाखीव."

आरोही पायरीवरून खाली सरकली. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. पाण्याखालच्या पायरीवर उभी राहून तिनं आजीचा दंड धरला आणि वर बघून ओरडली, "ओ काका, हसू नका! आजी शिकायलीय!"

बंकटचं हसू तिथंच थांबलं.

त्या दिवशी कॅन आजीच्या पाठीवरून नातीच्या पाठीवर गेला. गीताबाईच्या हाताची पकड तिच्या पोटाखाली होती, मग नुसती चार बोटं राहिली, मग एकच. चार दिवसांनी पोरगी कॅनसह विहिरीला एक वेढा मारायला लागली. वनमाला उंबऱ्यात उभी राहून रोज विचारायची, "आली का वर?" पाचव्या दिवशी ती कठड्यापाशी आली. डोळे मिटून उभी राहिली, पण आली.

चौदा जून, रविवार. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता. सुरजनं दुकान बंद ठेवलं होतं. आरोही उठल्या उठल्या म्हणाली, "आज कॅन नको. कॅन मला चावतो."

गीताबाईनं कॅन घरीच ठेवला. इतकी पोरं तिनं पाण्यात सोडली, पण अशी धडधड कधी झाली नव्हती. ती आधी उतरून विहिरीच्या मधोमध पाणी तुडवत उभी राहिली. वनमाला कठड्याला धरून होती. बंकट, शहादेव आणि त्यांच्या घरच्या बाया वर गोळा झाल्या होत्या. सुरज समोरच्या बाजूला, कोरड्या पायरीवर, पँटच्या खिशात हात घालून उभा होता.

"कुठं यायचं, आजी?"

"तुला वाटंल तिकडं."

पोरगी पाण्याखालच्या पायरीवरून सुटली. पहिल्या हाताला तोंड बुडालं, वर आलं, तिनं पाणी थुंकलं आणि पाय मारायला सुरुवात केली. कुत्र्याच्या पिल्लासारखे हात, बेडकासारखे पाय, मान ताठ. गीताबाईनं हात पुढं केला, तर ती बाजूनं निघून गेली. आजीकडं ती थांबलीच नाही. समोर बाप उभा होता, त्याच्याकडं निघाली. मधेच दमली, एकदा खाली गेली. वनमालाच्या तोंडून "अगं बाई" निघालं. गीताबाई झेपावली, पण तोवर पोरगी वर आली होती आणि पुन्हा पाय मारत होती.

"पप्पा! धरा!"

सुरज एक पायरी उतरला. तिचा हात पोचत नव्हता. तो आणखी एक उतरला, आणखी एक. पोरीनं त्याचा शर्ट मुठीत धरला आणि त्यानं तिला छातीशी घेतलं, तेव्हा पाणी त्याच्या कमरेच्या वर आलेलं होतं. खिशातला मोबाइल कधीच भिजला होता. बाप-लेक दोघंही धापा टाकत होते. पोरगी नाक पुसत ओरडली, "मम्मी, मी एकटीच आले! आजी मधेच थांबली होती!"

वर कुणीतरी शिट्टी मारली. बंकटच्या बायकोनं टाळ्या पिटल्या. वनमाला पायऱ्या उतरायला लागली. रडतही होती, हसतही होती. चौथ्या पायरीवर तिला बेडूक दिसला, तरी ती थांबली नाही. बंकट ओरडला, "काकू, आता गुळाची शेरणी वाटा! सगळ्या वस्त्यांला वाटा!"

"वाटते की. घरात ढेप हाय, फोडा."

सुरज अजून पाण्यातच उभा होता. त्याचं त्याला कळलंच नव्हतं, आणि कळल्यावरही तो वर आला नाही. नुसता खाली, पाण्यातल्या आपल्या पायांकडं बघत राहिला. मग मान वर करून आईकडं बघितलं. गीताबाईनं ते बघितलं आणि तोंड पाण्यात बुडवून घेतलं, म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी कसलं ते कुणाला कळू नये.

वर येऊन तिनं नाकातलं पाणी झटकलं आणि नातीवर डाफरली, "डावा पाय लई आखडती तू. दिवाळीच्या सुट्टीत आली की आधी त्योच सरळ करायचा. आन येताना बापाला बी घेऊन ये."