शेऱ्याचा रकाना

आमच्या आईचा जीव ज्या माणसामुळे वाचला, त्याच्याशी मी दुसऱ्याच भेटीत कडाकडा भांडले होते. भांडण झालं दोन मीटरवरून.

मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचे बोल ऐकायचे आणि "साहेबांना कळवते" म्हणायचं. एकवीस वर्षं हे केल्यावर डोकं थंड राहत नाही. त्यात आईचं दुखणं. ती शाळेत गणित शिकवायची. चाळीस वर्षं खडूची धूळ खाल्ल्यामुळे असेल किंवा आणखी कशामुळे, तिची फुप्फुसं थकली होती. दोन जिने चढली की पायरीवर बसायची आणि विचारलं तर म्हणायची, "बसले कुठे, विचार करतेय."

इस्पितळात अशा रुग्णांवर एक संशोधन चालू होतं. औषधाच्या जोडीला घरच्या घरी ठरावीक व्यायाम करून घेतला तर दम कमी लागतो का, हे त्यांना बघायचं होतं. अडीचशे माणसं घेतली होती. निम्म्यांना औषध आणि व्यायाम, निम्म्यांना नुसतं औषध, आणि कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर चिठ्ठी उचलल्यासारखं ठरवणार. आईला व्यायामाचा गट मिळाला. शर्यतीत पहिली आल्यासारखी ती घरी आली. दर तीन महिन्यांनी तिनं इस्पितळात जायचं, सहा मिनिटं चालायचं, आणि किती अंतर झालं ते लिहून घेतलं जायचं. ते चालवून घेणारा माणूस म्हणजे हे सहामिनिटे.

हे त्यांचं आडनाव नव्हे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. सगळं इस्पितळ त्यांना त्याच नावानं हाक मारायचं आणि तेही ओ द्यायचे. आईनं तर "सहामिनिटे म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" असंही एकदा विचारून घेतलं होतं. ते म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरचे."

तिसऱ्या मजल्यावर जुन्या एक्सरेंची खोली आणि धुतलेल्या चादरींची खोली यांच्यामध्ये एक लांब व्हरांडा होता. तिथे त्यांचं राज्य. तीस मीटर त्यांनी स्वतः गुडघ्यांवर बसून फितीनं मोजलेले, दर तीन मीटरला फरशीवर रंगाची खूण, दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू. मध्ये भिंतीला टेकून एक खुर्ची, कुणाला बसावंसं वाटलं तर. दाराला "चाचणी सुरू आहे" अशी पाटी लावली की मोठ्या डॉक्टरांनासुद्धा पलीकडे उभं राहावं लागे. चादरींची गाडीही थांबे. सहामिनिटे स्वतः उंचीनं बेताचे, पायांत रबरी तळाचे बूट, गळ्यात थांबघड्याळ, त्याची दोरी दोनदा गाठ मारलेली. सुरुवातीला ते तिथेच ऑक्सिजनची नळकांडी ढकलायचे. बावीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं हातात घड्याळ दिलं, ते काही खाली ठेवलं नाही.

त्यांची बोलायची वाक्यंसुद्धा ठरलेली. एक मिनिट झालं की, "छान चाललंय. अजून पाच मिनिटं." मग, "असंच चालू ठेवा. अजून चार मिनिटं." मग, "छान चाललंय. निम्मं झालं." असं करत शेवटी, "थांबा." आवाज चढायचा नाही की उतरायचा नाही. जास्तीचं एक अक्षर नाही. मी कारण विचारलं तर म्हणाले, "कुणाला शाबास म्हटलं की तो वीस पावलं जास्त चालतो, ताई. मग ती वीस पावलं औषधाची की माझ्या शाबासकीची, हे कळणार कसं?" तिथल्या सिस्टर सांगायच्या, की यांच्या बायकोला प्रसूतीच्या कळा येत होत्या तेव्हा हा भला माणूस उशाशी उभा राहून म्हणाला होता, "असंच चालू ठेवा." ती अजून बोलून दाखवते म्हणे.

तर ते भांडण. पहिल्या चाचणीत आई दोनशे ऐंशी मीटर चालली होती. पुढच्या वेळी आपण तीनशेच्या वर जायचंच, असं तिनं ठरवलं. आदल्या संध्याकाळी घरातल्या घरात, पलंगापासून गॅसपर्यंत, मला घड्याळ लावायला सांगून ती चार वेळा सहा-सहा मिनिटं चालली. परीक्षेची उजळणी! व्हायचं तेच झालं. सकाळी पाय जड, दम आधीच संपलेला. "थांबा" झाल्यावर सहामिनिट्यांनी तिच्या टाचेपाशी चिकटपट्टीचा तुकडा लावला, उरलेलं अंतर फितीनं मोजलं आणि लिहिलं, दोनशे अठ्ठ्याण्णव.

आईचं तोंड एवढंसं झालं. मला ते बघवेना. मी म्हटलं, "अहो, तीनशे लिहा ना. दोन मीटरनं काय आभाळ कोसळतंय?"

ते म्हणाले, "ताई, ते दोन मीटर चाललं कोण?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बोलायचं ते सगळं बोलले. माणुसकी आहे की नाही, म्हाताऱ्या बाईचं मन बघायचं की फीत बघायची, तुम्हाला आई आहे की नाही. तक्रार खिडकीवर लोक जे मला ऐकवतात, ते मी सव्याज त्यांना ऐकवलं. ते फितीची गुंडाळी करत ऐकत राहिले. शेवटी आईच मला म्हणाली, "गप्प बस. साडेचौतीसला मी तुला नापास केलं होतं, विसरलीस?" विसरेन कशी! सातवीत, स्वतःच्या मुलीला, अर्ध्या मार्कासाठी. त्या दिवसापासून त्या दोघांचं जमलं. माझं आणि त्यांचं मात्र नुसतं "नमस्कार" आणि "येते" एवढ्यावर आलं.

चालताना रुग्णानं बोलायचं नसतं, दम वाया जातो. आणि कोण कुठल्या गटात आहे हे तर सहामिनिट्यांना कळताच कामा नये, नाहीतर मोजणाऱ्याचं मन एका बाजूला कलतं. आईला हे दोन्ही नियम तोंडपाठ होते, पाळता एकही येत नव्हता. चालता चालता ती फरश्या मोजायची, "साठ झाल्या हो, बरोबर तीस मीटर." खिडकी उघडी का ठेवलीय, चादरींच्या खोलीबाहेरच्या पाटीवरची वेलांटी कशी चुकलीय. मध्येच, "मला घरी पायरीवर चढउतर करायला सांगितलंय ना, तर…" की लगेच ते, "बाई, बोलू नका." दर फेरीला एकदा. सहा महिन्यांच्या चाचणीला ती तीनशे एकेचाळीस मीटर चालली आणि सगळा वेळ बोलली. घरी जिना एका दमात चढली. मी त्या संशोधनाला मनातल्या मनात हात जोडले, मोजणाऱ्याला सोडून.

मग नवव्या महिन्याची चाचणी आली.

त्या दिवशी मी व्हरांड्याच्या टोकाला पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि ऑफिसातल्या कुणाशी तरी फोनवर हुज्जत घालत होते. आई चालली. बोटाला लावायचं यंत्र लावलं, प्राणवायू थोडा कमी पण ठरवलेल्या रेषेच्या आत. दम किती लागला, शून्य ते दहा? "दोन," आई म्हणाली. अंतर तीनशे अडतीस. तीनच मीटर कमी, म्हणजे तसं काहीच नाही. मी खूश होऊन तिला जिन्यावरून खाली नेलं. ती हळू उतरत होती, मला वाटलं ऐटीत उतरतेय.

आम्ही फाटकापाशी पोचलो तोच मागून सिस्टर धावत आल्या. "डॉक्टर मॅडमनी परत बोलावलंय."

रुग्णाचा तक्ता ट्रेमध्ये ठेवला की मॅडम तो संध्याकाळी बघत. त्या दिवशी सहामिनिटे तो हातात घेऊन मॅडमच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते. बाहेर वीस माणसं बसलेली, तरी हटले नाहीत. तक्त्याच्या खाली शेऱ्यासाठी एक रकाना असतो. बहुतेक वेळा तो कोराच जातो. त्यात त्यांनी लिहिलं होतं: "पूर्ण वेळ गप्प. नेहमी बोलतात. शंकूला डावीकडून वळल्या. नेहमी उजवीकडून."

उजव्या पायावर भार देऊन वळणं टाळलंय, हे मॅडमच्या वाचताच लक्षात आलं. त्या आईला म्हणाल्या, "बाई, उजवा पाय दाखवा."

आईनं माझ्याकडे बघितलं. वर्गात चिठ्ठी सापडलेल्या पोरीसारखं बघितलं. मग साडी वर केली. उजवी पोटरी डावीच्या दीडपट सुजलेली, लाल, गरम. चार दिवसांपासून.

पुढच्या दोन तासांत सगळं कळलं. पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती आणि तिचे तुकडे फुप्फुसापर्यंत गेले होते. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आज तुम्ही घरी गेला असतात तर…" आणि पुढचं बोलल्या नाहीत. मला ते पुढचं आठ दिवस ऐकू येत होतं. आई आठ दिवस इस्पितळात होती.

तिसऱ्या दिवशी ती जरा सावरली तेव्हा मी विचारलं, "का लपवलंस?"

"आजारी पडलं तर काढून टाकतील, म्हटलं. आणि माझ्या आकड्यामुळे त्यांचा निकाल बिघडायला नको. एवढी माणसं राबतायत." मग म्हणाली, "कॉपी केली गं मी."

चाळीस वर्षं कॉपी पकडणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं. सिस्टरनी तिला समजावलं, की तुम्ही शेवटपर्यंत आमच्या यादीत आहात, आकडा चढो की पडो. पडलेला आकडा लपवलात तरच निकाल बिघडतो. आईनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मी मात्र एक नवं कोरं थांबघड्याळ विकत घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. सहामिनिटे शंकू पुसत होते. काय बोलायचं ते मी जिन्यात पाठ केलं होतं, वर पोचेपर्यंत सगळं विसरले. म्हटलं, "मी तुम्हाला नको नको ते बोलले. माझी आई तुमच्यामुळे आहे." आणि घड्याळ पुढे केलं.

त्यांनी ते हातात घेतलं, कौतुकानं उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. "रुग्णांकडून काही घ्यायचं नसतं, ताई. आणि हे तपासून घेतलेलंही नाही." मग माझं तोंड बघून त्यांनी भिंतीजवळची ती खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले.

"एकदा दिले होते मी मीटर," ते म्हणाले. "बारा. इथे एक न्हावीकाका यायचे. लाख माणूस, पण आकडा हलायचा नाही. हिरमुसले होते, म्हणून मी बारा मीटर जास्त लिहिले. डॉक्टरांना वाटलं, गोळी लागू पडतेय. तीच चालू ठेवली. तीन महिने फुकट गेले त्यांचे. पुढच्या वेळी ते खुर्चीवर दोनदा बसले तेव्हा मला राहवेना. मीच जाऊन सांगितलं. जुना आकडा एका रेघेनं खोडला, बाजूला खरा लिहिला, सही, तारीख. नोकरी जायची ती थोडक्यात राहिली."

"आणि काका?"

"औषध बदललं. मग बरे होते बरीच वर्षं. माझे केस कापून द्यायचे." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "पण ते तीन महिने मी काही त्यांना परत देऊ शकलो नाही. तेव्हापासून जे दिसतं ते लिहितो. आकड्यात मावलं नाही तर खाली लिहितो."

मी त्यांना नमस्कार केला. कमरेत वाकून, पायांना हात लावून. ते घाईघाईनं मागे सरले आणि शंकूला अडखळले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच असेल.

वर्षाची शेवटची चाचणी मॅडमच्या परवानगीनं पुढे ढकलली होती. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, पाय अजून थोडा भरलेला. त्या दिवशी मी फोन बंद करून पिशवीत तळाशी टाकला. पाटी लागली. चादरींची गाडी थांबली. सहामिनिट्यांनी घड्याळ दाबलं आणि आई निघाली.

पहिला शंकू आला. ती उजवीकडून वळली. पण गप्प होती. मी सहामिनिट्यांकडे बघितलं, ते तिच्या पायांकडे बघत होते. "छान चाललंय. अजून पाच मिनिटं." आई गप्प. दुसरा शंकू. पुन्हा उजवीकडून. चादरींच्या खोलीपाशी पोचल्यावर तिनं मान वर केली.

"वेलांटी अजून सुधारली नाही का हो कुणी?"

"बाई, बोलू नका."

"वर्ष झालं वर्ष! मी खडू आणून देऊ का?"

"बाई, बोलू नका. असंच चालू ठेवा. अजून चार मिनिटं."

त्यानंतर तिनं तोंड मिटलं नाही. मध्ये एकदा खुर्चीवर बसली, बसल्या बसल्याही बोलली. "थांबा" झालं, चिकटपट्टी लागली, फीत सरकली. दोनशे सहासष्ट. सुरुवातीच्या चाचणीपेक्षाही कमी.

"दम किती, बाई? शून्य ते दहा."

आईनं एकदा माझ्याकडे बघितलं. "पाच," ती म्हणाली. "साडेपाच लिहा."

"अर्धा नसतो यात."

"मग सहा."

त्यांनी सहा लिहिले. मग खालच्या रकान्यात काहीतरी लिहून तक्ता ट्रेमध्ये ठेवला. या वेळी मॅडमच्या दाराकडे गेले नाहीत. मी वाकून वाचलं: "उजवीकडून वळल्या. गप्प राहण्यास अकरा वेळा सांगितले. राहिल्या नाहीत."

मी तो शेरा आईला वाचून दाखवला. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "अकरा नाही हो, बारा. मी मोजत होते."

सहामिनिट्यांनी ट्रेमधून तक्ता परत काढला. अकरावर एक रेघ मारली, बाजूला बारा लिहिले, खाली सही केली आणि तारीख घातली.