बॉनेटखालचं लिंबू

माझं डोकं लवकर तापत नाही असं मी म्हणालो, तर अकोल्यातलं माझं अख्खं गॅरेज हसेल. पण त्या दिवशी तापलं ते बरोबरच तापलं. आजही आठवलं की संताप येतो.

दर्यापूरचा एक अडत्या आपली मोटार घेऊन आला. गाडी लॉक करून ठेवली की थोड्या वेळानं आपोआप चोरीचा भोंगा बोंबलायचा. सोबत त्याचा ड्रायव्हर, मान खाली घालून उभा.

"यानंच वायरीत काड्या केल्या," अडत्या सगळ्यांदेखत म्हणाला. "गाडी पळवाचा बेत हाय याचा. तुमी फक्त कापलेली वायर दाखवा. पोलिसात देतो याले. मंग दर्यापुरात कोणी स्टेअरिंगले हात लावू देते का पाहू!"

"मालक, लेकराबाळांची शपथ, म्या हात बी नाई लावला," ड्रायव्हर पुटपुटला.

घ्या! गाडी तपासायच्या आधीच माणसाला चोर ठरवून हा मोकळा. मी म्हटलं, "चूप बसा. वायरी तपासायचं मीटर काय म्हणते ते पाहू द्या."

वायर कुठंच कापलेली नव्हती. चारही दारांचे स्विच ठणठणीत. बॉनेट उघडं की बंद हे सांगणारा पुढचा छोटा स्विच तपासला, तर मीटरचा आकडा नाचायला लागला. बंद बॉनेट गाडीला मधूनच उघडं वाटत होतं, मग भोंगा वाजणारच. स्विच हिरवा पडून सडला होता, आणि बरोबर त्याच्यावर तारेनं बांधलेलं लिंबू-मिरची गळत होतं. एक नाही, जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं, अख्खा घोस.

"हे आतमंदी काहून बांधलं?"

"बाहेर बांधलं की पोट्टे तोडून नेतात," अडत्या म्हणाला. " दर शनिवारी मी सोता बांधतो, नजर लागू नये म्हणून."

"त्याच लिंबाच्या रसानं स्विच खाल्ला तुमचा. आता या माणसाची माफी मागा."

तर या बाबानं काय म्हणावं? ड्रायव्हरकडे वळून म्हणतो, "लिंबं तूच आणून देत होता नं बे? मंग चूक तुईच!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. नवा स्विच हातात होता, तो खिशात टाकला आणि बॉनेट धाडकन आपटलं. "घेऊन जा गाडी. बोंबलू द्या दर्यापूरभर."

ड्रायव्हरनं चावी बॉनेटवर ठेवली. "येत्या शनिवारची लिंबं तुमीच आणा, मालक," म्हणाला, आणि बसस्टँडकडे चालू लागला.