कमळपानावरचा खेकडा

माझ्या सासूबाई, कू रुइफांग, सूचौ शहरातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं जेडच्या दगडातून वस्तू कोरत होत्या. वस्तूवर कारागिराचं नाव घालायचं नाही, असा तिथला नियम. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा मी त्यांना संग्रहालयात नेलं. जुन्या पंडितांच्या मेजावरच्या वस्तू मांडल्या होत्या. एका काचेपाशी त्या थबकल्या. आत कुंचला धुवायचं जेडचं पात्र होतं, कमळपानाच्या आकाराचं; काठावर दगडाच्या वरच्या तपकिरी सालीतून कोरलेला खेकडा. पाटीवर लिहिलं होतं, ‘चारशे वर्षांपूर्वीचं’.

“हे मी केलंय,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी धूर देऊन म्हातारं केलंय त्याला.”

तिथले जाणकार ताओ साहेब अदबीनं बोलले. “आजी, अशी पात्रं सारखीच दिसतात.”

“तळाशी गोगलगाय आहे ना? तिथं माझं गिरमिट खोल गेलं होतं. खड्डा लपवायला कोरली ती.”

“गोगलगाय ही तर त्या काळच्या उस्तादाची खूण. मी त्यावर लेख लिहिलाय.”

सासूबाई कारखान्यातल्या जुन्या सहकारी पानबाईंकडे साक्ष मागायला गेल्या. पानबाई मटार सोलत म्हणाल्या, “अगं, खेकडे आपण ढिगानं केले. कुठला कुणाचा, देव जाणे.”

मग त्यांनी तसाच दगड शोधला आणि अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा दगड कोरायच्या चाकावर बसल्या. बोटं आखडायची, मान धरायची. मी म्हणायची, “आई, पुरे आता. कुणाला पटवायचंय?” त्या पुन्हा चाकावर वाकायच्या. अकरा महिन्यांनी दुसरं पात्र झालं, गोगलगायीसकट.

ताओ साहेबांनी ते भिंगाखाली बराच वेळ फिरवलं. “नक्कल फार सुरेख आहे,” ते म्हणाले. “पण मूळच्या हातातली सहजता यात नाही.”

“नाहीच,” सासूबाई म्हणाल्या. “तेव्हा मी एकतीस वर्षांची होते.”

ते समजूत घातल्यासारखं हसले आणि पात्र परत कागदात गुंडाळू लागले.

अजूनही त्या दर महिन्याला तिथं जातात आणि त्या काचेसमोर उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, हे मी केलंय. लोक मान डोलावतात आणि पाटी वाचतात. थोड्या वेळानं रखवालदार येतो, त्यांच्या कोपराला हात लावतो. “चला आजी, बसायला खुर्ची देतो.”

“मला खुर्ची नको,” त्या म्हणतात. पण पाय दुखत असतात, म्हणून बसतात.