सत्तावन्नचा चाकू

लग्न होऊन लतिका इंदूरहून नदीकाठच्या बालाजी घाटावर आली आणि पहिल्याच सकाळी तिनं खिडकीतून काय पाहावं? समोरच्या ओट्यावर एक म्हातारा उघडा चाकू नाकाशी धरून हुंगतोय! बाईनं खिडकीला कडी घातली नि नवऱ्याला म्हणाली, "समोर गुंडा राहतो." अजून आठवलं की तिला हसू आवरत नाही. ते ढुंढिराजकाका, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले रिटायर बाबू. गुंडा कसला! काकडीसुद्धा आनंदीकाकू चिरून देत, नाहीतर हे बोट कापून घ्यायचे. आणि हुंगत होते ते मुठीला. शिंगाची नसेल, नकली असेल, तर कापराचा वास मारते म्हणे.

लावारिस सामानात एकदा शिकारीचा घडीचा चाकू सापडला, तेव्हापासून हे वेड. गल्लीतल्या मराठी घरांत असले जुने चाकू पडलेले होतेच. खंडेनवमीला सगळे काकांच्या पाटावर पूजेला यायचे, सगळ्यांत जुना मध्ये. जुना कोणता, ते काका पात्याच्या बुडाशी ठोकलेला छाप वाचून सांगत. 'इंग्लंड' कोरलेलं असलं तर बहुतेक अठराशे नव्वदनंतरचा, हे लतिकालाही पाठ झालं होतं.

आणि ते छाप पुसले कुणी? आपण बायकांनीच! पूजेआधी चिंच-राख लावून घासायचं म्हणजे घासायचंच. काका ओरडत, "अगं, जन्मतारीख पुसताय त्याची!" ऐकतंय कोण.

एकोणीसशे त्र्याण्णवच्या खंडेनवमीला काकांची नजर जवळजवळ गेलेली. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येत नाही, उरलीय तीही जाईल. तरी काका पाटाशी बसले. "बोटांनी वाचीन."

कसलं वाचतायत! छापाच्या जागी नुसतं गुळगुळीत लोखंड. लतिकाच्या सासरचा चाकू गेल्या वर्षी त्यांनीच ओळखला होता. यंदा पन्नास वर्षं चुकले. कुणीतरी चाकू हळूच उचलून दुसऱ्या जागी ठेवला, पण ते काकांना बरोबर ऐकू आलं.

"पुरे हो आता," आनंदीकाकू मुलाकडे बघत हळूच म्हणाल्या. "पुढल्या वर्षी श्रीनिवास मांडेल सगळं."

काका धोतराला हात पुसत राहिले. लतिकाला बघवेना.

तेवढ्यात शेजारचा वेणीमाधव, जन्माचा भांडखोर, पुढे सरसावला. "चला, मग आमचाच मध्ये! पणजोबांचा, सत्तावन्नच्या गदरचा. आता कोण नाही म्हणतंय?"

"आण इकडे."

काकांनी मूठ चाचपली. कडेच्या एका खाचेत नख अडकलं.

"वेण्या, ही खाच कशाची?"

"बंदुकीत अडकलेलं काडतूस ओढायची. इतना तो पता है, काका."

"सत्तावन्नला?"

"अहो, काडतुसावरूनच तर गदर झाला! सारी दुनिया जानती है!"

सगळे हसले. लतिकाला वाटलं, काका एवढंही हरले की काय?

"कागदाचं होतं रे ते. दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची. ओढून काढायला उरतंय काय? ही खाच पितळी काडतुसाची. ते मागाहून आलं."

"मग पणजोबांनी मागाहून पाडून घेतली असेल खाच!"

"तुझे पणजोबा पूजा सांगायचे. काडतूस कुठे अडकलं त्यांचं, सत्यनारायणात?"

आनंदीकाकूसुद्धा पदरात तोंड घालून हसल्या. काकांनी चाकू पुढे केला. पाट उजवीकडे, हात डावीकडे, रिकाम्या भिंतीकडे. वेणीमाधव मुकाट्यानं वळसा घालून गेला नि त्यानं तो घेतला.

"ठेवलास?"

"ठेवला."

"कडेला?"

"कडेलाच, काका."